लिलावाची यादी : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

कादंबरीचें परीक्षण होतें, काव्यसंग्रहाचें होतें, नाटकाचें तर कित्येकदां प्रयोगाआधींच होतें. परंतु ज्या ग्रंथाचीं पानें गुळगुळीत, चित्रें उत्तम, भाषा मोजकी, आणि ज्याच्या एकेका वाक्यावर लक्षावधि रुपयांची उलाढाल अवलंबून, त्या लिलावाच्या यादीचें परीक्षण करण्याचें आमच्या टीकाकारांस अद्याप सुचलेलें नाहीं. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडन येथें सदबीच्या पेढीनें सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांची तलवार लिलावांत काढली, आणि महाराष्ट्र शासनानें मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांस सोडवून घेतली. त्या वेळीं वृत्तपत्रांतून किंमतीची चर्चा झाली, अभिमानाची झाली, तलवारीच्या पात्याची व मुठीचीही झाली. ज्या मजकुराच्या आधारें ती विक्रीस मांडली गेली तो मजकूर एकदां नीट वाचून पाहावा, असें मात्र फारसें कोणास वाटलेलें दिसलें नाहीं. आम्हांस तें वाटलें. आणि तेव्हांपासून आम्ही जुन्या दागिन्यांच्या व दुर्मिळ वस्तूंच्या याद्या, पोथी वाचणाऱ्याच्या भक्तीनें नव्हे, पण त्याच्या चिकाटीनें वाचीत आहों.

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांनीं आणला. त्याच अर्थाचा ‘हर्रास’ अजून जुन्या सरकारी कागदांत भेटतो. वस्तु मात्र खानदेशास परकी नाहीं. कापूस, धान्य, भुईमूग, गुरें यांवर बोली बोलणारे लोक आम्ही. आणि जळगांवसारख्या सोन्याच्या पेठेंत न सुटलेल्या तारणाचा लिलाव ही गोष्ट तर नित्याचीच. तेव्हां लंडन-न्यूयॉर्कच्या याद्या वाचतांना आम्ही अगदींच अनोळखी प्रदेशांत शिरतों असें नाहीं.

या याद्यांतील प्रत्येक नोंदीचा बांधा ठरलेला असतो, आणि तो आमच्या स्तोत्रांच्या बांध्याशीं विलक्षण जुळतो. आरंभीं ध्यान : वस्तु काय, कोठली, कोणत्या शतकांतली, लांबी किती, वजन किती, कोठें चीर गेली आहे, कोठला जडाव मागाहून बदललेला आहे. मग वंशावळ, इंग्रजींत जिला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात ती : वस्तु कोणाकडून कोणाकडे आली. अखेरीस फलश्रुति, म्हणजे अंदाजी किंमतीचे दोन आंकडे, एक खालचा व एक वरचा. याशिवाय एक तिसरा आंकडा असतो, तो छापीत नाहींत. बोली त्याच्याखालीं राहिली तर वस्तु विकली जात नाहीं. तो छापील खालच्या आंकड्याहून मोठा नसावा एवढाच संकेत आहे. फलश्रुति छापून देवाची अट गुप्त ठेवण्याची ही युक्ति आमच्या स्तोत्रकारांसही सुचली नव्हती.

ध्यानाच्या भागाची स्तुति केलीच पाहिजे, कारण ती त्यास पोंचते. शीर्षकांत ‘भव्य’, ‘महत्त्वपूर्ण’ अशीं विशेषणें सैल सुटतात खरीं. परंतु खालच्या मजकुरांत लेखक एकदम शुद्धीवर येतो. मोत्याचें माप मिलिमीटरांत, सोन्याचा कस, मीनाकामाचा रंग, मागच्या बाजूची झीज : इतकें नेमकें वर्णनात्मक गद्य आज मराठींत फार थोडे लिहितात. त्याहूनही आम्हांस मोह पडला तो त्यांच्या कर्तृत्वाच्या पायऱ्यांचा. ‘अमक्याची कृति’, ‘अमक्याच्या नांवावर सांगितली जाणारी’, ‘अमक्याच्या परिवारांतील’, ‘अमक्याच्या धर्तीची’ : हे चार शब्दप्रयोग तेथें चार वेगळ्या जबाबदाऱ्या दाखवितात, आणि त्यांचे अर्थ यादीच्या शेवटीं खुलासेवार छापलेले असतात. आमच्या संतगाथांच्या संपादकांनीं ही पद्धत उचलली असती, तर नामदेव कोणता आणि विष्णुदास नामा कोणता या घोळांत अभ्यासकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या नसत्या. व्यापाऱ्यास खोटेपणाची किंमत खिशांतून द्यावी लागते. गाथेच्या संपादकास ती कोणी मागत नाहीं.

परंतु वंशावळीपाशीं आलों कीं हेंच गद्य निराळें वागूं लागतें. ‘एका सभ्य गृहस्थाची मालमत्ता’, ‘एका थोर घराण्यांतील स्त्रीची मालमत्ता’ : विकणाराचें नांव झांकण्याची ही प्रतिष्ठित रीत आहे. याच्या शेजारीं आमच्याकडील तारणाच्या लिलावाची जाहिरात ठेवून पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें सोनेतारण कंपन्यांस अशी जाहिरात निदान दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यांपैकीं एक देशी भाषेंतलें. बारीक टाइपांत रकाने असतात : खात्याचा क्रमांक, पुष्कळदां कर्जदाराचें संपूर्ण नांव, गांव, आणि वजन. दागिना कोणता, ठुशी कीं पाटल्या, याचा शब्द नाहीं. लंडनच्या यादींत वस्तूचें वर्णन पानभर आणि माणूस अदृश्य; आमच्या यादींत माणूस चव्हाट्यावर आणि वस्तु अदृश्य. ज्याच्यापाशीं पुष्कळ आहे त्याची लाज राखावयाची, आणि ज्याचें शेवटचें गेलें त्याचें नांव गांवासह छापावयाचें, हा भेद या दोन गद्यशैलींत इतका स्वच्छ उमटला आहे कीं त्यावर निराळें भाष्य नको.

आमच्या बखरकारांचा दोष सर्वश्रुत आहे. ते सूर्यापासून आरंभ करतात आणि मधले पांच-पन्नास राजे गाळून एकदम आपल्या धन्यापाशीं येतात. या याद्यांचा दोष नेमका उलट आहे. त्या मधल्या सगळ्या पिढ्या सनावारीनें सांगतात. गाळतात तो सूर्य.

नाशिकच्या हिऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. इंग्रज त्यास ‘नासाक’ म्हणतात. गोवळकोंड्याच्या खाणींतला हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयांत होता व तेथून पेशव्यांच्या जवाहिरखान्यांत आला, असें त्याच्या इतिहासांत सांगतात. दुसऱ्या बाजीरावानें जून १८१८ मध्यें असीरगडाच्या परिसरांत माल्कम साहेबापुढें शरणागति पत्करली. असीरगड म्हणजे फारुकींच्या जुन्या खानदेशाचें उत्तरेचें दार. त्या धामधुमींत हिरा कर्नल जे. ब्रिग्ज याच्या हातीं आला आणि त्यानें तो गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याच्या स्वाधीन केला, असें हिऱ्यांवरील ग्रंथांत लिहिलेलें असतें. ब्रिग्ज हें नांव धुळ्याच्या माणसास परकें नाहीं. इंग्रजी अंमल बसला तेव्हां खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट झाला तो कॅप्टन जॉन ब्रिग्ज; धुळें हें जिल्ह्याचें ठाणें झालें तें त्याच्याच कारकीर्दींत; आणि फेरिश्त्याच्या इतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलें, तें आमच्या विद्यार्थिदशेंतही इतिहासाचे अध्यापक आदरानें वाचावयास सांगत असत.

त्या लुटीच्या वांटणीची कथाही खानदेशांतूनच जाते. फेब्रुवारी १८१८ मध्यें तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉप यानें किल्लेदार तुळशीराम मामा यास फांशीं दिलें. आंतली शिबंदी कापली गेली. हाच हिस्लॉप दक्षिणच्या फौजेचा सेनापति म्हणून पुढें दख्खनच्या लुटीवर हक्क सांगत होता, आणि हेस्टिंग्जच्या फौजेचें म्हणणें असें कीं आमचाही वांटा आहे. हा तंटा विलायतेंत वर्षानुवर्षें चालला. वस्तु मुळांत कोणाची, हा प्रश्न त्या तंट्यांत उपस्थितच झाला नाहीं; लुटणारांपैकीं कोणाची, एवढाच झाला. याद्यांतील गद्यास मात्र या सर्व प्रकरणासाठीं एकच धातु पुरतो : ‘प्राप्त होणें’. कर्ता गाळून कर्मणि प्रयोग करण्याचें जें कसब आमच्या व्याकरणांत आम्ही मुलांस शिकवितों, त्याचा इतका फायदेशीर उपयोग आम्हीं अन्यत्र पाहिला नाहीं.

हिऱ्याच्या पुढच्या पिढ्या मात्र तपशीलवार मिळतात. लंडनचे जवाहिरे रंडेल आणि ब्रिज यांनीं तो घेतला व पुन्हां कापविला. सुमारें ९० कॅरटांचा हिरा सुमारें ८० कॅरटांचा झाला. १८३७ सालीं तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसाकडे गेला; दरबारी तलवारीच्या मुठींत त्यानें तो बसविला होता. पुढें तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे आला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेंत नेतांना त्याच्यावरून एक खटला उभा राहिला. हिरा नेणारांचें म्हणणें, ही कलात्मक प्राचीन वस्तु आहे, हिच्यावर जकात नाहीं. एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याचें म्हणणें, हा दागिन्यांत बसविण्याजोगा कापीव हिरा आहे, शेंकडा २० जकात घ्या. अखेरच्या निकालांत न्यायालयानें दुसऱ्याचें म्हणणें मान्य केलें. देवापुढें असलेला, एका राज्याच्या अंताबरोबर हस्तांतर झालेला दगड ‘प्राचीन वस्तु’ नाहीं, ‘माल’ आहे! मनांत प्रथम रागच येतो. पण थोडा विचार केल्यावर आम्हांस त्या न्यायाधीशांचा निकाल याद्यांच्या मजकुरापेक्षां अधिक प्रामाणिक वाटला. ज्या वस्तूस तिच्या धन्यांनीं पदोपदीं माल म्हणूनच वागविलें, तिला जकातीच्या नाक्यावर तेवढें प्राचीनत्व आठवावें, हें त्यांस पटलें नाहीं. पुढें १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यानें तो हिरा घेतला व तिसऱ्यांदा घाट बदलून ४३.३८ कॅरटांचा केला. १९७० सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत तो ५ लाख डॉलरांस गेला. म्हणजे किंमत वाढत गेली आणि हिरा निम्मा झाला. यादी लिहिणारा हे दोन आंकडे एकाच परिच्छेदांत देतो, आणि त्यांत त्यास कांहींच विचित्र दिसत नाहीं.

नागपूरचें प्रकरण याहून उघडें आहे, कारण तेथें लुटीचा आणि लिलावाचा मध्यंतरीं पडदाच नाहीं. डलहौसीनें १८५४ सालीं राज्य खालसा केलें, आणि पुढच्या सालीं भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर विकले गेले. राजवाड्यांतलें सामान हलवूं लागले तेव्हां वृद्ध बांकाबाईंनीं कमिशनरास निरोप पाठविला कीं हें सामान नेलेंत तर वाड्यास आग लावीन. के या इंग्रज इतिहासकारानेंच हें नमूद करून ठेविलें आहे. जडजवाहीर कलकत्त्यास गेलें व हॅमिल्टन आणि कंपनीनें त्याचा जाहीर लिलाव पुकारला. त्या जाहिरातींत ‘नागपूरचे जवाहीर’ हे शब्द मिरवीत होते. मूळ धनी लपविण्याची तेव्हां गरज नव्हती, उलट त्यानें भाव चढत होता. आज एखाद्या यादींत मध्य भारतांतला एकोणिसाव्या शतकांतला शिरपेंच दिसला कीं आमची नजर अकारण त्या १८५५ सालाकडे जाते. आणि यादी त्या सालाच्या अलीकडेच कोठेंतरी थांबलेली असते. रघूजींच्या तलवारीविषयींही जाणकारांचा तर्क असाच आहे कीं १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीनें केलेल्या लुटींत ती गेली. सरळ युरोपीय पातें, म्हणून मराठे जिला फिरंग म्हणत ती जात. पात्याच्या पाठीवर सोन्यानें देवनागरींत कोरलेलें धन्याचें नांव. कर्ता गाळण्याच्या कलेस या तलवारीनें चांगलाच शह दिला, कारण तिनें आपला कर्ता अंगावरच लिहून ठेविला होता.

बडोद्याच्या मोत्यांस तें भाग्य नव्हतें. खंडेराव गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा कंठा एके काळीं जगप्रसिद्ध होता. २००७ सालीं न्यूयॉर्क येथें क्रिस्टीच्या पेढीनें ‘बडोद्याचीं मोतीं’ म्हणून विकला तो दोन पदरांचा हार, ६८ मोत्यांचा, सुमारें ७१ लाख डॉलरांस. खंडेरावांनींच मदिनेस अर्पण करण्यासाठीं करविलेली मोत्यांची चादर १९४० नंतरच्या दशकांत युरोपांत गेली व २००९ सालीं कतारमधील दोहा येथें सुमारें ५५ लाख डॉलरांस विकली गेली. या दोन्ही नोंदी म्हणजे या वाङ्मयप्रकाराचे उत्तम नमुने. त्यांतलें घराण्याचें वर्णन एखाद्या चरित्रकारानें हेवा करावा असें आहे. पण सात पदरांतले उरलेले पांच पदर केव्हां, कोणीं, कोणत्या अडचणींत ओंवून वेगळे केले, हा प्रश्न वाचकानें विचारूं नये अशा बेतानें वाक्यें मांडलेलीं आहेत.

येथवर वाचून आमचा एखादा जळगांवकर वाचक म्हणेल, ‘अहो, त्यांनीं निदान जपलें तरी! आपण काय करतों?’ हा आक्षेप आम्हांस टाळतां येत नाहीं. लंडनच्या सगळ्या पेढ्यांनीं मिळून जितके मराठी दागिने विकले नसतील, त्याहून कितीतरी अधिक आमच्या सराफकट्ट्यांवर मुशींत वितळले आहेत. सासूबाईंची वज्रटीक सून मोडीस घेऊन येते. सराफ खडे उकरून परत देतो, आंतली लाख काढतो, पूर्वीं कसोटीवर घांसत असे तो आतां यंत्रांत घालून कस सांगतो, घट वजा करतो, आणि उरलेलें तोळ्या-ग्रॅमांत मांडतो. सराफाचा यांत दोष नाहीं. सोनें हें संकटासाठींच घेतलेलें असतें, आणि आमच्या बायकांनीं त्याचा तो उपयोग राज्यकर्त्यांपेक्षां अधिक शहाणपणानें केला आहे. पण दागिन्याची स्मृति मात्र त्या मुशींत जाते. पुतळ्यांची माळच पाहा. वेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर माणसांच्या आकृति असत, त्यांवरून आमच्या बायकांनीं त्यांस ‘पुतळी’ म्हटलें, असें सांगतात. समुद्रापलीकडचा सगळा व्यापार खानदेशांतल्या एका कुणबिणीच्या गळ्यांत आला आणि तिनें त्यास घरगुती नांव दिलें. ती माळ मोडली कीं उरते तें इतके ग्रॅम. गंमत अशी कीं १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय तो दुकानांत विकतां येत नाहीं. कालच्या दागिन्यास जन्मदाखला आहे, आजीच्या दागिन्यास नाहीं.

कायद्यानें याचा बंदोबस्त होईल असें आम्हांस वाटत नाहीं. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तु देशाबाहेर नेण्यास खासगी माणसास बंदी केली. ती योग्यच आहे. त्या बंदीनें वस्तु बाहेर जावयाची थांबेल, मुशींत जावयाची नव्हे. आणि १९७२ पूर्वीं जें गेलें त्यास तो कायदा लागूच नाहीं. पिप्रावाचीं रत्नें १८९८ सालीं एका इंग्रज जमीनदारानें उत्खननांत काढलीं व त्यांतला वांटा घरीं ठेविला; ७ मे २०२५ चा त्यांचा हाँगकाँगमधील लिलाव भारत सरकारच्या नोटिसीनें थांबला आणि जुलैअखेर तीं परत आलीं. तीं आलीं हें उत्तम झालें, पण तींही एका उद्योगपतीनें विकत घेतलीं तेव्हां आलीं. तलवारही विकतच घ्यावी लागली. म्हणजे यादीचा मजकूर कसाही असो, हातोडा पडतो तो त्याच मजकुरावर.

तेव्हां प्रश्न उरतो तो गद्याचाच : वस्तूची नोंद लिहावी कोणीं व कशी? याचें उत्तर शोधण्यास धुळेंकरांस लंडनास जावें लागत नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि पुढल्याच महिन्यांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. त्याआधीं १८९३ पासून शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा रामदासी पोथ्या जमवीत होती. त्यांचें समर्थ वाग्देवता मंदिर १९३५ सालचें. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या १८९८ पासून निघालेल्या खंडांचें मोल आम्ही आजवर त्यांतल्या पत्रांवरून करीत आलों. लिलावाच्या याद्या वाचून झाल्यावर आम्हांस त्यांचें दुसरेंच मोल दिसूं लागलें. कागद कोणाच्या दप्तरांतला, दप्तर कोणत्या हालतींत होतें, उंदरांनीं, वाळवीनें व मालकाच्या बेपर्वाईनें त्याचें काय केलें, हें तो माणूस रागानें, कधीं शिवी हांसडूनही, पण सांगतो. त्याच्या वाक्यांत कर्ता असतो. लंडनच्या यादीची मोजणी आणि राजवाड्यांचा कर्तरि प्रयोग या दोहोंचें लग्न लागलें, तर या वाङ्मयप्रकारास मराठींत खरी बरकत येईल. संग्रहालयांच्या कांचेआडच्या चिठ्ठ्यांवरून आम्हांस तूर्त तशी आशा वाटत नाहीं; ‘तलवार, अठरावें शतक’ एवढ्यावर त्या थांबतात. रघूजींची तलवार १८ ऑगस्ट २०२५ रोजीं मुंबईस आली. तिच्या चिठ्ठीवर ‘प्राप्त’ हा शब्द आला तर आम्हांस वाईट वाटेल.

घरांतून मात्र आरंभ करतां येईल, आणि तो मोडीस जाण्याआधींच केला पाहिजे. समजा, अमळनेरकडच्या एखाद्या घरीं जमाखर्चाच्या वहीच्या शेवटल्या पानावर कोणी असें लिहिलें : ‘पुतळ्यांची माळ, रेशमांत गाठलेली, पुतळ्या मूळ चोवीस. थोरल्या आत्याबाईंच्या लग्नांत जळगांवास गाठविली. पहिल्या दोन पुतळ्या दादांच्या आजारांत गेल्या. १९७२ च्या दुष्काळांत आईनें आणखी चार मोडून बैल घेतला. बैलाचें नांव सर्जा. सध्यां अठरा आहेत, त्यांतल्या एकीचा कडा तुटका आहे.’ आम्हीं वाचलेल्या कोणत्याही यादींत इतकी पूर्ण नोंद आम्हांस आढळली नाहीं.